बाटलीचा महसूल आणि पोराचे ओझे

उसाचे बिल खात्यावर जमा झाले की कागलच्या काही घरांत आनंदाऐवजी धास्ती शिरते. एकरकमी पैसा हाती येण्याचा पंधरवडा हाच त्या घरांतला सर्वांत वाईट पंधरवडा असतो. पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगारांच्या काही घरी हीच धास्ती दरमहा पगाराबरोबर येते. घरचा कर्ता दारूच्या आहारी गेला की उधारी आई फेडते आणि थोरले मूल, मग ते बारा वर्षांचे का असेना, घराचे कारभारी होते. बापाच्या खिशातल्या नोटा वेळीच काढून ठेवणे, 'तब्येत बरी नाही' असा निरोप त्याच्या कामावर पोचवणे, धाकट्यांना रात्री शेजारी झोपायला नेणे, हे सारे ते मुकाट्याने शिकते.

बापावरची माया मात्र आटत नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. शुद्धीवर असताना तोच बाप प्रेमळ असतो; त्यामुळे मुलाला स्वतःच्या रागाचीही शरम वाटते. मग तो राग आईवर निघतो, कारण ती घर सोडत नाही. भावंडांत तट पडतात. एक बापाला सांभाळतो, दुसरा त्याचे नाव टाकतो, आणि पुष्कळदा बाप गेल्यावरही त्या दोघांचे बोलणे सुरू होत नाही.

अशा घराविषयी समाजाचे शहाणपण दोन वाक्यांत आटोपते. 'काही झाले तरी बाप आहे', हे पहिले. 'पोरांनी मनावर घेतले तर सुटेल', हे दुसरे. पहिल्याने मुलाचे तोंड बंद होते, दुसऱ्याने व्यसनाचा दोष त्याच्याच माथी येतो. अमेरिकेत १९५१ साली व्यसनी माणसांच्या बायकांनी 'अल-अनॉन' ही संघटना उभारली. तिची शिकवण याच्या नेमकी उलट आहे: व्यसन घरच्यांमुळे जडलेले नसते, ते त्यांच्या ताब्यात नसते आणि ते बरे करणेही त्यांच्या हाती नसते. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणाने कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले. पण कागलहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, आणि रोजगार बुडवून तिथवर जाणे हातावर पोट असलेल्या किती घरांना परवडेल?

इथवर हा प्रश्न घरगुती वाटेल. अर्थसंकल्प त्याला घरगुती राहू देत नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादन खर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पट केले, देशी दारूवरीलही वाढवले, आणि या निर्णयांतून सुमारे १४,००० कोटी रुपये अधिक मिळतील असा हिशेब मांडला. महाग दारूने नवा पिणारा काहीसा आवरतो, हे खरे. परंतु जुना व्यसनी आपले पिणे त्या प्रमाणात कमी करत नाही. तो किराणा आणि शाळेचा खर्च कापतो. म्हणजे या वाढीव महसुलाचा काही भाग वह्या-पुस्तकांच्या आणि दुधाच्या पैशातून गोळा होणार. जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत महिना १,५०० रुपये देऊ केले गेले. एकाच उंबरठ्यावर बायकोच्या हाती ठेवायचे आणि नवऱ्याकडून उचलायचे, याला कल्याणकारी अर्थनीती म्हणणे कठीण आहे. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा, १८८० साली, नगरपालिकेचे सदस्य या नात्याने जोतीराव फुल्यांनी हरकत घेतली होती. तिजोरी भरणारा धंदा घरे रिकामी करतो, हे तेव्हाही दिसत होते.

स्त्रियांनी मतदानाने बाटली आडवी करण्याचा अधिकार मोलाचा आहे. मात्र त्यासाठी एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे त्या दिवशी घराबाहेर पडू न शकलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूची ठरते. शिवाय कागलला कर्नाटकची हद्द खेटून आहे. इकडचे दुकान बंद झाले म्हणून तहान थांबत नाही. चंद्रपुरात २०१५ साली आलेली दारूबंदी २०२१ साली उठलीच.

तेव्हा मागणी रोकडी असावी. दारूच्या महसुलातला ठरावीक हिस्सा कायद्याने व्यसनी माणसांच्या कुटुंबांसाठी राखून ठेवावा, आणि त्यातून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कायम पगारी समुपदेशक नेमावा. बाप उपचाराला तयार नसला तरी त्याच्या मुलाला तिथे एकट्याने जाता आले पाहिजे, आणि केसपेपरवर बापाचे नाव लिहिण्याची सक्ती असू नये.