कैसरबागेवरचे पतंग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले सरकारी वृत्तपट आज घरबसल्या पाहता येतात. संचलन करणाऱ्या पलटणी, बँड, शामियान्यात बसलेले राजेरजवाडे, टाळ्या वाजवणारी गर्दी. ते पाहून एक युक्तिवाद हमखास केला जातो: हिंदुस्थानी जनता इंग्रजांवर नाराज होती, हे नंतर रचलेले पुराण आहे; लोक तर खुशीने साम्राज्याच्या पाठीशी उभे होते, चित्रच साक्षीला आहे. जोडीला पंचवीस लाखांच्या हिंदी फौजेचा आकडा येतो. सक्तीची भरती नसताना एवढी माणसे उभी राहिली, याहून मोठा पुरावा कोणता, असा सवाल होतो.

या युक्तिवादाला लखनौने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे.

नोव्हेंबर १९२८ च्या अखेरीस सायमन कमिशन लखनौला आले. बहिष्काराच्या मिरवणुकांवर घोडेस्वार पोलीस घालण्यात आले. जवाहरलाल नेहरू आणि गोविंद वल्लभ पंत यांनी लाठ्या खाल्ल्या. पंतांच्या शरीरावर त्या माराचा परिणाम जन्मभर राहिला. त्याच मुक्कामात अवधच्या तालुकदारांनी, म्हणजे बड्या जमीनदारांनी, कैसरबागेत कमिशनच्या सन्मानार्थ मेजवानी ठेवली होती. सभोवती पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त होता. निदर्शकाला आत पाऊल टाकायची सोय नव्हती. मग लखनौचे पुढारी चौधरी खलिकुज्जमाँ आणि त्यांच्या साथीदारांनी लखनौचीच विद्या कामी आणली. पतंग आणि फुगे आकाशात चढले, त्यांवर ‘सायमन, परत जा’ असे लिहिलेले होते, आणि ते नेमके त्या मेजवानीवर तरंगत आले.

त्या बागेत डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा लावला असता तर काय टिपले गेले असते? झुकून सलाम करणारे रईस, हसणारे साहेब, सजलेली टेबले. यातले काहीच खोटे नसते. तरीही त्या दिवशीचे लखनौ त्या चौकटीत आले नसते, कारण ते पोलिसांच्या कड्यापलीकडे आणि वर आकाशात होते. चित्र खोटे बोलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की कॅमेरा कुठे ठेवायचा, आत कोणाला सोडायचे आणि बाहेर कोणाला रोखायचे, हे ठरवणारा हात चित्रात दिसत नाही.

तालुकदारांची निष्ठा नाटकी होती, असे मात्र म्हणता येणार नाही. १८५८ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने अवधच्या जमिनी जप्त केल्याचा जाहीरनामा काढला. पुढे राजनिष्ठेच्या बदल्यात त्या तालुकदारांना परत मिळाल्या आणि १८५९ च्या लखनौ दरबारात सनदा दिल्या गेल्या. ज्याची जमीन सरकारच्या सनदेवर उभी, तो सरकारच्या शामियान्यात मनापासूनच बसणार. खोटेपणा सुरू होतो तो या निष्ठेला प्रजेची निष्ठा म्हणून दाखवताना. १९२०-२१ मध्ये असहकार आणि किसान चळवळीला शह देण्यासाठी संयुक्त प्रांतात जागोजागी अमन सभा काढल्या गेल्या, त्यांमागे अधिकारी आणि जमीनदारच होते. पुढे जमीनदारांनी नॅशनल अ‍ॅग्रिकल्चरिस्ट पार्टी उभारली, तिला गव्हर्नरांचा आशीर्वाद होता. १९३७ मध्ये मतपेटी पुढे आली. मतदानाचा हक्क तेव्हा बराचसा मालमत्ता आणि शिक्षण पाहून दिला जाई, म्हणजे सगळ्यात गरीब रयत याद्यांत नव्हतीच. तरी २२८ जागांपैकी १३० हून अधिक काँग्रेसने घेतल्या आणि जमीनदारांचा पक्ष भुईसपाट झाला. शामियान्यातली माणसे तीच होती. त्यांच्या मागे प्रांत नव्हता.

आता महायुद्धाकडे येऊ. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुठल्याही लोकनियुक्त प्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. दोन महिन्यांत लखनौतल्या पंत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेले आणि १९३८ पासून लखनौहून निघणारा ‘नॅशनल हेरल्ड’ बंद पडला. तो १९४५ अखेरीपर्यंत पुन्हा निघालाच नाही. वाचकाच्या हातातले वर्तमानपत्र असे गेले, आणि १९४३ मध्ये भारत संरक्षण नियमांत कलम घालून प्रत्येक चित्रपटगृहाला सरकारमान्य पट दाखवणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी ‘इंडियन न्यूज परेड’ हा सरकारी वृत्तपट सुरू झाला. म्हणजे प्रेक्षक आला होता सिनेमा पाहायला, त्याने तिकीट सिनेमाचे काढले होते, आणि त्याच्या पुढ्यात सरकारची बातमी वाढली गेली. त्याचा शांतपणा संमतीच्या खात्यात जमा करणे अन्यायाचे आहे.

आणि ते पंचवीस लाख? त्यांच्या शौर्याला उणेपणा आणण्याचे कारण नाही. पण सैन्यात नाव घालणे हा पोटाचा, घराण्याच्या रिवाजाचा, कधी साहसाचा निर्णय असतो. राज्यकर्त्यांना दिलेला कौल तो नव्हे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत उठाव करणारे नौसैनिकही याच युद्धकाळच्या दलांतले होते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: युद्ध हिटलरविरुद्ध होते, तेव्हा ब्रिटिश प्रचाराला नाझी प्रचाराच्या पंक्तीला बसवू नये. बरोबर आहे, बसवूच नये. बोहेमियातला नाझी सत्ताधीश हायड्रिख याच्यावरच्या हल्ल्यानंतर तिथे त्या हल्ल्याला संमती दर्शवल्याच्या आरोपावरून माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. लिडित्से हे अख्खे गाव १० जून १९४२ रोजी नष्ट केले गेले. त्यानंतर ३ जुलैला प्रागच्या वेन्सेस्लास चौकात निष्ठेचा मेळावा भरवला. सुमारे दोन लाख माणसे, व्यासपीठावर मंत्री एमान्युएल मोरावेत्स, उंचावलेले हात. तिथे गैरहजेरीची किंमत जीव असू शकत होती. लखनौत विरोधाची किंमत लाठी आणि तुरुंग होती. हा फरक प्रचंड आहे आणि तो पुसणे हा मेलेल्यांचा अपमान ठरेल. पण प्रागची गर्दी पाहून ‘चेक लोक हिटलरचे भक्त होते’ असे कोणी शहाणा म्हणत नाही. मेळाव्याआधीचे पाच आठवडे आपण त्या चित्रासोबत वाचतो. तोच न्याय कैसरबागेला आणि न्यूज परेडला मिळायला हवा. युद्धाचे कारण न्याय्य होते म्हणून न विचारलेल्या जनतेची संमती सिद्ध होत नाही.

म्हणून हे पट जाळा किंवा कपाटात कोंडा, असे मुळीच नाही. ते जपले पाहिजेत, कारण राज्यकर्त्याला आपली प्रजा कशी दिसायला हवी होती, याचा इतका स्पष्ट दस्तऐवज दुसरा नाही. प्रश्न वापराचा आहे. दूरचित्रवाणीवर आणि माहितीपटांत हे तुकडे निव्वळ सजावट म्हणून, कुठलेही नाव-गाव न देता चिकटवले जातात, तिथे प्रचार दुसऱ्यांदा यशस्वी होतो. पट कोणी काढला, कोणत्या साली, कोणत्या नियमाखाली दाखवला गेला, त्या आठवड्यात कोणते वृत्तपत्र बंद होते, हे पडद्यावर लिहायला चार ओळी पुरतात.

स्वतंत्र भारतालाही ही शिस्त लावून घ्यावी लागेल. १९४६ मध्ये वृत्तपटाची सरकारी यंत्रणा बंद झाली, तेव्हा १५ ऑगस्ट १९४७ चे सोहळे टिपायला सरकारचे स्वतःचे चित्रपथक नव्हते. खाजगी कॅमेरामननी ते काम केले. पुढच्याच वर्षी फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले, त्याचे वृत्तपट घरोघरच्या आठवणीत आहेत, आणि चित्रपटगृहांवरची सक्तीही नव्या रूपात परतली. त्या पटांतल्या धरणांच्या उद्घाटनांना जमलेली गर्दीही त्याच कसोटीवर पाहावी लागेल: तिला कोणी आणले होते, आणि ज्यांची गावे पाण्याखाली जात होती ती माणसे त्या दिवशी कुठे उभी होती.