मामाची सही



नीटचा निकाल लागला, की मस्कतमधल्या आपल्यापैकी बऱ्याच घरांत गावाकडून फोन येऊ लागतात. २०२३ च्या जूनमध्ये मलाही आला. राजगुरुनगरहून धाकटी बहीण बोलत होती. "दादा, एक काम आहे तुझ्याकडे. नाही म्हणू नकोस." भाच्याला नीटमध्ये मार्क कमी पडले होते. पुण्यातल्या कुणा सल्लागाराने तिला सांगितलं होतं, की घरातलं कुणी परदेशात असलं तर एनआरआय कोट्यातून एमबीबीएसला जागा मिळते. मामाने पालक म्हणून पत्र द्यायचं, पासपोर्टची आणि रेसिडेंट कार्डाची प्रत जोडायची आणि फी मामाच्या एनआरई खात्यातून गेल्याचं दिसायला हवं. "पैसे आम्हीच देणार आहोत रे. चाकणच्या बाजूची जमीन गेली तेव्हा त्याच्यासाठीच ठेवलेत. तुझी नुसती सही पाहिजे."

मी सही दिली नाही. त्यानंतर वर्षभर बहीण माझ्याशी मोकळेपणाने बोलली नाही. हे घरगुती दुखणं संपादकीयात मांडायचं कारण असं, की गेल्या दोन-तीन वर्षांत इथल्या आपल्या मंडळातल्या किमान चार सभासदांनी मला हाच प्रश्न विचारला आहे: "सही द्यायला काय हरकत आहे? कुणाचं काय जातं?" त्याचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे.

या कोट्याची आजची चौकट ज्या निकालाने ठरली, तो पुण्याच्याच एका शिक्षणसंस्थाचालकाच्या नावाने ओळखला जातो: पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १२ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी तो दिला. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना अनिवासी भारतीयांसाठी जास्तीत जास्त १५ टक्के जागा ठेवता येतील, असं त्यांनी म्हटलं. पण बिनशर्त नाही. या जागा खऱ्या अनिवासी भारतीयांच्या मुलांना किंवा पाल्यांनाच मिळाव्यात. त्यातही गुणवत्ता पूर्ण बाजूला सारता येणार नाही. आणि या जागांमधून येणारा जादा पैसा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी वापरावा. न्यायालयाने एक निरीक्षणही स्वच्छ शब्दांत नोंदवलं: या जागांवर प्रत्यक्षात येणारी मुलं आणि त्यांचे आईवडील बहुतेक वेळा अनिवासी नसतातच, जास्त पैसे मोजू शकणारी कमी गुणांची मुलं या दाराने आत येतात.

म्हणजे माझ्या बहिणीला जे सांगितलं गेलं, ते त्याच्या अठरा वर्षं आधीच न्यायालयाने ओळखलं होतं.

बहिणीच्या फोननंतर पुढच्याच वर्षी पंजाबचं प्रकरण झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सरकारने एनआरआय कोट्याची व्याख्या सैल केली आणि काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा, चुलत-मावस भावंडं, सगळ्यांच्या नात्याने अर्ज करण्याची वाट उघडली. तिथल्या उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, आणि २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचं अपील फेटाळून हा सारा प्रकार निव्वळ फसवणूक असल्याचं सुनावलं. त्या पीठाच्या अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. त्यांचं मूळ गाव कनेरसर, आमच्याच खेड तालुक्यातलं, यमाईच्या देवळाचं. बातमी वाचली तेव्हा मला बहिणीची फार आठवण झाली. मी तिला फोन केला नाही. तिच्या जखमेवर निकालाचा कागद ठेवून मला काय मिळणार होतं?

राजगुरुनगरला आम्ही जुनी माणसं अजून खेडच म्हणतो. भीमेकाठचं हे गाव तालुक्याच्या दोन टोकांच्या मधोमध बसलं आहे. दक्षिणेला चाकण: मोटारींचे कारखाने, गोदामं, रात्रंदिवस अवजड गाड्यांनी तुंबलेला पुणे-नाशिक रस्ता आणि जमिनीच्या पैशातून उठलेले बंगले. पश्चिमेला वाडा, डेहणे, भोरगिरी, म्हणजे भीमाशंकरच्या डोंगराखालची गावं. तिथे भातखाचरं आणि मोठा पाऊस. अकरावी-बारावीला या दोन्ही टोकांची मुलं राजगुरुनगरला एकाच वर्गात येतात. माझ्या वर्गात भोरगिरीच्या बाजूचा एक महादेव कोळी मुलगा होता. शनिवारी एसटीने घरी जायचा आणि सोमवारी तांदळाची पिशवी घेऊन परत यायचा. गणितात वर्गात पहिला. बारावीनंतर फीचं गणित मात्र त्याच्या घराला सुटलं नाही. तो आयटीआयला गेला आणि भोसरीत फिटर झाला. चांगलं काम केलं त्याने, संसार उभा केला. पण त्याला इंजिनिअर व्हायचं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

इनामदार निकालातली तिसरी अट मी वाचतो तेव्हा मला तो मुलगा दिसतो. आपल्याकडून घेतलेली जादा फी त्याच्यासारख्याच्या फीला लागावी, या विचारावर हा कोटा उभा आहे. माझ्या भाच्याच्या नावाने मी सही केली असती, तर जागा एका पैसेवाल्या घराकडून दुसऱ्या पैसेवाल्या घराकडे गेली असती, असं बहिणीला वाटत होतं. पण त्या रांगेत खऱ्या अनिवासी आईबापांची मुलंही उभी असतात, आणि ती आपल्याच मंडळातली आहेत.

आखातात राहणाऱ्यांची अडचण अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या नातेवाइकांना पटकन कळत नाही. इथे आपला मुक्काम नोकरीला बांधलेला आहे. करार संपला, की व्हिसा संपतो. वीस-वीस वर्षं राहूनही नागरिकत्वाचा विषय निघत नाही. त्यामुळे इथल्या भारतीय शाळेतून बारावी झालेलं मूल बहुधा भारतातच परत जातं. आणि तिथे ते कोणत्याच राज्याचं धड रहिवासी ठरत नाही. त्याच्यासाठी ठेवलेली जागा ही चैन नव्हे. नीटसाठी आधी तर विमानाने भारतात जावं लागायचं. २०२१ मध्ये कुवेत आणि दुबईला केंद्रं मिळाली आणि २०२२ पासून मस्कतलाही. हेही आखातातल्या पालकांनी सतत मागणी लावून धरल्यावर झालं.

अभियांत्रिकीत वाट थोडी वेगळी आहे, आणि ती आपल्या अनेक सभासदांना ठाऊकच नसते. एनआयटी, पुण्याची ट्रिपल आयटी अशा संस्थांसाठी केंद्राची 'डासा' (परदेशस्थ विद्यार्थ्यांना थेट प्रवेश) योजना २००१ पासून चालू आहे. तिच्या जागा मंजूर संख्येच्या वर, अधिसंख्य असतात; भारतातल्या मुलाची जागा त्यात जात नाही. त्यातल्या एक तृतीयांश जागा आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी राखीव आहेत, आणि या मुलांना शिक्षण शुल्क डॉलरमध्ये नव्हे, भारतातल्या विद्यार्थ्यांइतकंच पडतं. घाल्याच्या वर्कशॉपमधला वेल्डर, रुवीतल्या दुकानातला हिशेबनीस, रुसैलच्या कारखान्यातला सुपरवायझर, या सगळ्यांच्या मुलांसाठी ही सोय आहे. गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या एका मेकॅनिकच्या मुलीला जेईईत चांगले गुण असूनही तिच्या वडिलांनी या यादीत नावच नोंदवलं नाही. "एनआरआय म्हणजे श्रीमंतांचं काहीतरी असतं ना?" असं त्यांनी मला विचारलं. हा समज खोट्या सह्यांनीच तयार केला आहे. कोटा म्हटलं की पैसा, हे समीकरण इतकं पक्कं झालं, की ज्याच्यासाठी सोय आहे तोच दारातून मागे फिरतो.

आपल्यातल्या ज्यांनी कॅनडा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट घेतला आहे, त्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी: ४ मार्च २०२१. त्या दिवशीच्या अधिसूचनेने ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलेल्या मुलांना भारतीय नागरिकांच्या सर्वसाधारण जागा बंद झाल्या. फक्त एनआरआय किंवा अधिसंख्य जागा उरल्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी एवढा दिलासा दिला, की त्या तारखेआधी ज्यांचं ओसीआय कार्ड निघालं, त्यांचा सर्वसाधारण जागांवरचा जुना हक्क कायम राहील. कार्डावरची तारीख आजच पाहून ठेवा.

आता माझी विनंती. भाच्या-पुतण्यांसाठी सही मागितली गेली तर देऊ नका. नातं दुखावतं, हे मी स्वतः भोगलं आहे. आणि ज्यांची मुलं खरोखर या कोट्यातून पुण्या-मुंबईच्या खासगी महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांनी महाविद्यालयाला लेखी विचारावं: आमच्या जादा फीतून यंदा किती गरीब मुलांची फी भरली गेली? २००५ च्या निकालाने तो प्रश्न विचारायचा आधार आपल्याला दिला आहे. इतकी मोठी रक्कम भरणाऱ्या पालकाला याचं उत्तर मिळायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. मंडळाच्या वतीने आपण पत्राचा एक नमुना तयार केला आहे. हवा असेल त्याने सचिवांकडून घ्यावा.

बहिणीचं सांगायचं राहिलं. भाच्याने वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा दिली, तरी एमबीबीएसला पुरेसे गुण आले नाहीत. आता तो फिजिओथेरपी शिकतो आहे. गेल्या गणपतीला मी राजगुरुनगरला गेलो तेव्हा तो मला एसटी स्टँडवर घ्यायला आला होता. वाटेत म्हणाला, "मामा, आई अजून रागात आहे बरं का. पण तुमच्यासाठी उकडीचे मोदक केलेत."

बारावीतल्या मुलांच्या पालकांनी येत्या शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात यावं. पासपोर्ट, रेसिडेंट कार्ड, नोकरीचं पत्र आणि मुलाच्या शाळेचे दाखले बरोबर आणावेत. ते मेकॅनिक गृहस्थही येणार आहेत. त्यांची धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे.

संपादक