महाधिवक्ता कोणाचा वकील?



सध्या माझा मुक्काम ठाण्याला आहे, वर्तकनगरात, थोरल्या मुलाकडे. तूर सोंगून झाली, कापसाची शेवटची वेचणी धाकट्यावर सोपवली आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इकडे आलो. वर्तकनगर म्हणजे म्हाडाची जुनी वसाहत. शेजारी जेकेग्रामला रेमंडची गिरणी होती, तिच्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत. संध्याकाळी उपवन तलावाच्या काठी आम्ही चार म्हातारे बसतो. त्यातले एक गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी विचारले, "बैठकीच्या पत्रकासाठी यंदा काय लिहिताय?" मी म्हणालो, "महाधिवक्त्यावर." ते हसले. "अहो भाऊ, कापसाचा भाव सोडून हे काय काढलंत? तो साहेबलोकांचा विषय. तुमचा काय संबंध?"

त्यांच्या हसण्याचा राग आला नाही. पंधरा वर्षांपूर्वी मीही असाच हसलो असतो. पण आता वाटते की आपली मोठी चूक याच हसण्यात आहे. आमदार कोण, पालकमंत्री कोण, बाजार समितीचा सभापती कोण, यावर आपण चावडीवर रात्र काढतो. पण आपल्या विरुद्ध किंवा आपल्या बाजूने हायकोर्टात उभा राहणारा राज्याचा सर्वात मोठा वकील कोण, हे गावात एकालाही सांगता येत नाही.

आधी हे पद काय ते पाहू. राज्यघटनेचा अनुच्छेद १६५ सांगतो की प्रत्येक राज्याला एक महाधिवक्ता असेल. हायकोर्टाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेला माणूस राज्यपाल या पदावर नेमतात. सरकारला कायद्याचा सल्ला देणे हे त्याचे काम. अनुच्छेद १७७ प्रमाणे त्याला विधिमंडळात बोलण्याचा अधिकार आहे, फक्त मत देता येत नाही. मुदत ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेल तोवर तो पदावर राहतो, आणि राज्यपालांची मर्जी म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची मर्जी. सालगड्याला निदान अक्षय्यतृतीयेपर्यंतची हमी असते, याला तीही नाही.

आता आपला संबंध. १९७२ साली या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. स्वतःच्या शेतातला कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरला. आपल्यापैकी कित्येकांनी त्यासाठी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, गाड्या जप्त झालेल्या पाहिल्या. अशा कायद्याला कोर्टात आव्हान मिळते तेव्हा तो बरोबर आहे असे सांगायला सरकारचा वकील उभा राहतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तो प्रश्न जनहित याचिकेतून नागपूर खंडपीठापुढे गेला. २०२० च्या खरिपात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सोयाबीन पाण्याखाली गेले आणि विम्याचा दावा औरंगाबाद खंडपीठापर्यंत न्यावा लागला. मे २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला, तरी प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलेच. पाणी, भूसंपादन, वीजबिल, पीकविमा, बियाणे, काहीही घ्या. शेवटी गाडी कोर्टाच्या दारात जाते आणि तिथे सरकार एक पक्षकार असते. सरकारच्या वतीने काय बोलले जाते, किती जोर लावून बोलले जाते आणि निकाल विरुद्ध गेला तर अपील करायचे की मुकाट्याने शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, या सगळ्यात या पदाचा शब्द वजनाचा असतो.

माझा मुलगा सांगत होता, अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत हा माणूस लोक मत देऊन निवडतात. मिनेसोटा हे मका-सोयाबीनचे राज्य. तिथे कीथ एलिसन २०१८ साली या पदावर निवडून आले आणि २०२२ साली अगदी थोड्या मतांच्या फरकाने पुन्हा आले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डीअर या ट्रॅक्टर कंपनीवर दावा लावला. त्यात इलिनॉय आणि मिनेसोटा ही दोन राज्ये पहिल्या दिवसापासून वादी होती. म्हणणे असे, की शेतकऱ्याने आपला ट्रॅक्टर आपण किंवा गावच्या मिस्त्रीकडून पूर्ण दुरुस्त करू नये, डीलरकडेच यावे, अशी अडवणूक कंपनी करते. कंपनीने आरोप नाकारला. निकाल काय लागायचा तो लागेल. मुद्दा वेगळा आहे. तिकडच्या शेतकऱ्याला ठाऊक असते की राज्याचा वकील आपल्यासाठी कोणावर दावा लावतो आणि कोणाला सोडून देतो. म्हणून असा माणूस पदावर असतानाच लोक उघडपणे सांगतात की आम्ही याच्या मागे आहोत किंवा विरोधात आहोत.

आपल्याकडेही निवडणूक घ्या असे मी म्हणत नाही. निवडणुकीत पैसा कसा चालतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण मत देता येत नाही म्हणून मतच असू नये, हे कोणी सांगितले?

आता आपल्या राज्यातलीच गोष्ट. २०१५ च्या अखेरीस ॲडव्होकेट श्रीहरी अणे महाराष्ट्राचे महाधिवक्ता झाले. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचे नातू. यवतमाळ-वणीकडच्या माणसाला हे घराणे सांगावे लागत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये, नागपूर अधिवेशनाच्या तोंडावर, ते जाहीरपणे बोलले की विदर्भाच्या प्रश्नावर लोकांचे मत घ्यावे. सभागृहात गदारोळ झाला. २० मार्च २०१६ रोजी जालन्यात ते मराठवाड्यावरच्या अन्यायाबद्दल बोलले आणि मराठवाडाही वेगळा व्हावा असे म्हणाले. मग सगळेच तुटून पडले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका सुरात त्यांना काढा म्हणू लागले. २२ मार्चला अण्यांनी राज्यपालांकडे राजीनामा दिला. जेमतेम काही महिन्यांची कारकीर्द. शब्द मागे घेतला असता तर खुर्ची कदाचित राहिली असती.

विदर्भ वेगळा व्हावा की नाही, यावर आपल्या बैठकीतही दोन मते आहेत. तो वाद आज इथे नको. मी विचारतो ते एवढेच, की अण्यांनी ज्या अन्यायाचे नाव घेतले तो खरा होता की खोटा? १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने राज्याचा अनुशेष मोजला, तो निघाला ३,१८६ कोटी रुपयांचा, त्या काळच्या किमतीने. त्यातला मोठा वाटा विदर्भ-मराठवाड्याचा आणि मोठी बाब सिंचनाची. पुढे घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ साली विकास मंडळे आली. २०१३ साली केळकर समितीचा अहवाल आला. आणि ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. मंडळे पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा सप्टेंबर २०२२ उजाडला होता. घटनेत लिहिलेल्या मंडळांची मुदत संपली तेव्हा कोणी राजीनामा मागितला नाही. अनुशेषाचे नाव घेणाऱ्या वकिलाचा मात्र दोन दिवसांत घेतला. कोरडवाहू शेतकऱ्याने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

अण्यांवर टीका करणाऱ्यांचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. ते म्हणाले, महाधिवक्ता सगळ्या राज्याचा वकील आहे, त्याने पदावर बसून राज्य तोडण्याची भाषा करू नये. यात तथ्य आहे. आपल्या वकिलाने आपलेच वकीलपत्र हातात धरून भर चौकात वाटणीची भाषा केली तर आपल्यालाही खपणार नाही. पण मग अण्यांनी काय केले? शब्द आणि पद दोन्ही एकत्र राहत नाहीत हे दिसल्यावर पद सोडले. पदासाठी शब्द गिळणारे आपण रोज पाहतो.

आणि ते आपल्या प्रत्येक प्रश्नावर आपल्याच बाजूचे होते, असेही मी सांगणार नाही. मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. थकलेला बैल विकून नवा घ्यायचा, हा आपला जुना हिशेब त्याने मोडला. त्या कायद्याच्या बाजूने हायकोर्टात महाधिवक्त्याचे कार्यालयच उभे होते, आणि मे २०१६ च्या निकालात ती बंदी कायम राहिली. तो सल आपल्या मनात आहे आणि राहील. दुसरीकडे, फेब्रुवारी २०१६ मध्ये हाजी अली दर्ग्यात स्त्रियांना आत जाऊ द्यावे या बाजूने त्यांनी हायकोर्टात सरकारची भूमिका मांडली. धर्माच्या नावाने बाईला दारात थांबवू नये, हे सरकारच्या तोंडून वदवणारा महाधिवक्ता रोज मिळत नाही. सगळा शेतमाल पहिल्या प्रतीचा निघत नाही, म्हणून आपण पीक सोडून देत नाही. माणूसही एकूण पाहायचा असतो. एकूण पाहता तो पुढे पाहणारा, स्वतःचा कणा असलेला वकील होता आणि कोरडवाहू मुलखाचे दुखणे त्याला ठाऊक होते. त्याला पदावर राहू द्या, असे आपण तेव्हा म्हणायला हवे होते.

माझ्यापुरते सांगतो. मी म्हणालो नाही. त्या मार्चमध्ये आमच्याकडे दुष्काळ होता. विहिरी आटलेल्या, जनावरांना कडबा नाही. पेपरात बातमी वाचली आणि घडी घालून ठेवली. चार महिन्यांनी अण्यांच्या बाजूने चार वाक्ये बोललो, तेव्हा ऐकणाऱ्याने विचारले, "तेव्हा कुठे होता?" उत्तर नव्हते. पऱ्हाटी उभी असते तेव्हा पाणी द्यायचे असते. ती वाळून गेल्यावर धुऱ्यावर उभे राहून हळहळण्यात अर्थ नाही. पाठिंबा पदावरच्या माणसाला, तो अडचणीत असताना द्यायचा असतो. पद सुटल्यावर घातलेला हार शोभेचा.

याच राज्यात एच. एम. सीरवाई १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे महाधिवक्ता होते. या काळात मुख्यमंत्री बदलले, महाधिवक्ता तोच राहिला. ज्ञान आणि ताठ कणा यांची त्या पदावर कदर होती. पुढे सरकार बदलले की महाधिवक्ता बदलायचा, ही रीत पडली. अशा माणसाकडून सरकारला नको असलेला सल्ला देण्याची अपेक्षा आपण कशी करणार?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे माझ्या तीन मागण्या आहेत. ठराव करायचा की नाही ते आपण ठरवा.

पहिली, महाधिवक्त्याला मुदत ठरवून द्यावी, आणि मुदतीआधी तो गेला तर का गेला याचे कारण विधिमंडळापुढे ठेवावे.

दुसरी, शेतकऱ्यांच्या बाजूने हायकोर्टाचा निकाल लागला आणि सरकारला अपील करायचे असेल, तर महाधिवक्त्याचा लेखी सल्ला घेऊन तो लोकांपुढे मांडावा. विम्याचे किंवा भूसंपादनाचे पैसे अडवण्यासाठी शेतकऱ्याच्याच कराच्या पैशाने त्याच्याच विरुद्ध वकील उभा करायचा, हे सवयीने होऊ नये.

तिसरी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. या पदावर जो कोणी बसेल त्याची माहिती आपण ठेवावी. पक्ष पाहू नये. अनुशेषाबद्दल, विम्याबद्दल, पाण्याबद्दल तो कोर्टात काय बोलला, याची नोंद प्रत्येक जिल्हा बैठकीत वाचून दाखवावी. तो चुकला तर चुकला म्हणावे. आणि जो आपल्या बाजूने ताठ उभा राहील त्याच्या बाजूने आपण तिथल्या तिथे उभे राहावे. पत्रे पाठवावीत, ठराव पाठवावेत, मोर्चा लागला तर मोर्चा काढावा.

उपवनच्या बाकावरच्या त्या गृहस्थांना मी एवढे सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नोकरीत असताना मी सरकारी अपिलांच्या फायली पाहिल्या आहेत. अपील करू नये असा शेरा फार क्वचित दिसायचा. तसा शेरा लिहिला तर मागे कोण उभे राहणार, याची भीती असायची."

तेवढी भीती आपण कमी करू शकतो. डोळ्याची पट्टी निघाली की गावी येतो. बैठकीत भेटूच.