क्योतोतील एक भोजन आणि आपले पथ्यपत्रक

चरकाच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायाची आठ आहारविधिविशेषायतने आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केली. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही मालिका उत्तरपत्रिकेत लिहून गुणही मिळविले. मात्र ती आठही एकाच भोजनात प्रत्यक्ष पाळली जाताना मी प्रथम पाहिली ती गतवर्षी जुलै महिन्यात, जपानमधील क्योतो नगरीत. आणि तीही आयुर्वेदाचे नावही बहुधा न ऐकलेल्या एका बल्लवाचार्याच्या भोजनगृहात. चिरंजीव नोकरीनिमित्त त्या देशी असतात. त्यांच्या एका जपानी स्नेह्यांनी यजमानपद स्वीकारले, अन्यथा माणशी तीस हजार येनांचे जेवण माझ्यासारख्या तालुक्याच्या वैद्याने कदापि घेतले नसते.

या भोजनपद्धतीस काइसेकी म्हणतात. उच्चार एक असला तरी तो दोन प्रकारे लिहितात. एका लेखनाचा अर्थ मेजवानीची बैठक; दुसऱ्याचा अर्थ उराशी धरलेला पाषाण. झेन भिक्षू क्षुधेची वेदना शमविण्यासाठी तापविलेला दगड वस्त्रात पोटाशी धरीत, अशी आख्यायिका या दुसऱ्या नावामागे सांगतात. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्यांनी त्याला साधेपणाचे वळण दिले: भात, एक सार आणि तीन पदार्थ. पुढे येणारा दाट, तीक्ष्ण चहा रिक्त कोष्ठी बाधू नये, एवढ्यासाठी हे अल्पभोजन. आजच्या श्रीमंती भोजनगृहांत या दोन्ही धारा मिसळल्या असून पदार्थांची संख्या नऊ-दहापर्यंत जाते.

जागा राखून ठेवतानाच तेथून विचारणा झाली: पाहुणे काय खात नाहीत? वय काय? जमिनीवर बसता येईल काय? मी मत्स्य-मांस वर्ज्य करतो हे कळल्यावर तीन दिवसांची मुदत मागण्यात आली. त्यांच्या पाकक्रियेचा पाया असलेले दाशी नावाचे सार समुद्रशैवाल आणि वाळविलेला बोनितो मासा यांपासून करतात. माझ्यासाठी ते शैवाल व वाळलेली अळिंबी यांवर सिद्ध करावे लागणार होते. उपयोक्त्याची इतकी चौकशी मी माझ्या चिकित्सालयात प्रत्येक रुग्णाची करतो काय, हा प्रश्न मला त्याच क्षणी बोचला.

भोजन सुरू झाले ते काचेच्या लहान वाटीतील थंड तीळ-पिठल्यासारख्या पदार्थाने. उन्हाळ्यात काच आणि बांबू, हिवाळ्यात जाड मातीची भांडी, असा तेथे नियमच आहे. नंतर लाखेच्या झाकणबंद वाडग्यातून सार आले. झाकण उचलताच सुगंध प्रथम नाकाशी येतो. रसनेच्या आधी घ्राण जागे होते. पुढे मिसो लावून भाजलेले क्योतोचे गोल वांगे आणि तळ्यातील बुळबुळीत जुनसाई या वनस्पतीचे कोंब. यजमानांसमोर हामो हा मासा होता. क्योतो समुद्रापासून दूर. उन्हाळ्यातील वाहतुकीतही जिवंत राहणारा हा चिवट मासा म्हणून तेथे मान पावला. त्याचे बारीक काटे काढता येत नाहीत, म्हणून सुमारे तीन सेंटिमीटर अंतरात चोवीस छेद द्यावेत आणि तरीही त्वचा अखंड राहावी, असा दंडक सांगतात. संस्काराने द्रव्याचा गुण पालटतो हे करणाचे सूत्र समजावण्यास मला याहून चांगले उदाहरण सुचत नाही.

शेवटी कुझू नावाच्या कंदाच्या सत्त्वाचे थंडगार पट्टे, गुळाच्या पाकासह. हा कंद आपल्या विदारीच्याच कुलातील, नव्हे त्याच प्रजातिगणातील. जपानी काम्पो वैद्यकात त्याचाच काढा सर्दीज्वराच्या आरंभी देतात. एकच कंद औषधालयात काढा होतो आणि स्वयंपाकघरात ग्रीष्मातील मिष्टान्न.

सर्वांत अधिक विचार करायला लावला तो कालाने. द्रव्य ज्या काळी सर्वोत्तम असते त्यास ते शुन म्हणतात. पण त्याच्याही आधी हाशिरी म्हणजे ऋतूची पहिली चाहूल, आणि नंतर नागोरी म्हणजे सरत्या ऋतूचा निरोप, अशा अवस्था मानतात. वसंतात बांबूचे कोंब, शरदात मात्सुताके अळिंबी. आपल्या ऋतुसंधीच्या कल्पनेची येथे आठवण होणे साहजिक आहे.

येथेच आपल्यातील काही उत्साही मित्र म्हणतील, हे सारे बौद्ध भिक्षूंबरोबर आपल्याकडूनच गेले. माझे मत वेगळे आहे. एइसाई या भिक्षूने 1211 मध्ये चहापानाने आरोग्यरक्षण या विषयावर लिहिलेल्या ग्रंथात पाच रस व पाच अवयव यांचा संबंध मांडला आहे. ती मांडणी चिनी वैद्यकाची आहे. तेथे कषाय रस नाही. साम्य दिसले की स्वामित्व सांगण्याची घाई आपल्याला शोभत नाही, आणि त्यातून आपण काही शिकतही नाही.

आंधळे कौतुकही नको. जपानी माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी दहा ग्रॅमच्या आसपास मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमहून कमी. लवणाचा अतियोग टाळा, हे ज्या अध्यायात आठ आयतने आहेत त्याच अध्यायात बजावलेले आहे. आमचे भोजन अडीच तास चालले. नातिविलंबित या नियमाचे काय झाले, हे विचारावेसे वाटले. आणि कीर्ती म्हणजे शुद्धता नव्हे. ओसाकातील एका नामांकित भोजनगृहसमूहात मुदत उलटलेली मिठाई विकल्याचे 2007 मध्ये उघड झाले, तर पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या पानातील न स्पर्शिलेले पदार्थ पुन्हा वाढल्याचे. 2008 च्या मे महिन्यात त्याला दारे बंद करावी लागली. असो.

मला सांगायचे आहे ते इतकेच की तेथे ऋतुचर्या वैद्याच्या हाती नाही. ती बल्लवाच्या, भाजी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि भांडी घडविणाऱ्या कुंभाराच्या हाती आहे, म्हणून ती टिकली. आपल्याकडेही ती गृहिणीच्या हाती होती तोवर टिकली. भोगीची मिश्र भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, चैत्रातील कैरीची डाळ व पन्हे, ऋषिपंचमीची भाजी ही कोणा वैद्याने लिहून दिलेली नव्हती. आज हे स्वयंपाकघर मोडत चालले आहे आणि ऋतुचर्येचा सगळा भार आपल्या एका कागदावर येऊन पडला आहे.

तो कागद कसा आहे? माझा सांगतो. एका बाजूस पथ्य, दुसऱ्या बाजूस अपथ्य. मुद्रणालयातून एक हजार प्रती. बारा महिने तोच. अपथ्याची यादी पथ्याच्या दुप्पट. रुग्ण तो घडी करून खिशात ठेवतो आणि बहुधा तेथेच विसरतो. काय खाऊ नये हे सांगून माणूस जेवत नाही; त्याला आजच्या बाजारात काय मिळते व त्याचे काय करावे हे हवे असते, आणि ते रुचकर असावे लागते.

औषधनिर्मात्या बंधूंनाही हा प्रश्न लागू आहे. मूळ ग्रीष्मात किंवा शिशिरात, त्वचा व कंद शरदात, सार हेमंतात घ्यावे हे कल्पस्थानात स्पष्ट आहे. आपण वेष्टनावर निर्मितीचा दिनांक आणि वापराची मुदत छापतो. मूळ कोणत्या ऋतूत खणले हे किती जण पुरवठादारास विचारतात? क्योतोचा आचारी वांगे कोणाच्या शेतातून आले ते सांगतो. गुळवेलीबाबत असे उत्तर मला अद्याप एकाही औषधालयाकडून मिळालेले नाही. विचारणे महाग पडेल, हे मान्य. पण अशा पुड्यावर ऋतू छापून थोडी अधिक किंमत घ्यावी, मी तरी ती रुग्णाला समजावून सांगेन.

परतल्यापासून मी सहा ऋतूंची सहा पथ्यपत्रके लिहावयास घेतली आहेत. त्यांत निषेध शेवटच्या दोन ओळींत, आणि आधी केवळ पदार्थ: आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात त्या महिन्यात मिळणाऱ्या भाज्यांचे, सामान्य घरात अर्ध्या तासात होणारे. वर्षा ऋतूचे पत्रक माझ्या पत्नीने व तिच्या दोन मैत्रिणींनी तपासून निम्मे बदलले. शरदाचे पत्रक मात्र अडले आहे. तिक्तरसप्रधान आणि तरीही मुले खातील असे, कारल्याव्यतिरिक्त काय करावे, हे आपल्यापैकी कोणाच्या घरी ठाऊक असेल तर कृपया प्रमाणासह कळवावे.