बाजारभाव आणि मनोभाव

मराठीतील ‘भाव’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वस्तूच्या किमतीलाही भाव म्हणतात आणि मनातील वृत्तीलाही भावच म्हणतात. शेअरबाजाराचा विचार करू लागले म्हणजे हे दोन्ही भाव एकमेकांत किती गुंतलेले आहेत, याची प्रचीती येते. कापूस, तेल, धातू अशा जिनसांच्या किमती बदलल्या की कंपन्यांचा नफा-तोटा बदलतो, आणि शेअरही वरखाली होतात. येथवर सारे हिशेबाचे आहे. परंतु किती वर आणि किती खाली, हे पुष्कळदा हिशेब ठरवीत नाही. लोकांचे मन ठरविते. माझे मत असे, की माणसे बुडतात ती केवळ भाव उतरल्यामुळे नव्हे, तर चढलेला भाव कधी उतरणारच नाही या भ्रमामुळे.

याचा उत्तम दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. साहजिकच त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. गुजरात, वऱ्हाड, खानदेश, धारवाड येथील कापसाला सोन्याचे मोल आले व मुंबईत पैशाचा पूर लोटला. हा लाभ खरा होता. परंतु त्या पैशाने लोकांना धुंदी चढली. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी! समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या ‘बॅक बे’ कंपनीचा पाच हजारांचा शेअर सुमारे पन्नास हजारांपर्यंत चढला. प्रेमचंद रायचंद हे या तेजीचे अग्रणी दलाल. कंपनी काय करते, हे विचारण्याची गरजच कोणाला वाटेना.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आले, युद्ध संपत आले आणि कापूस घसरला. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हा देणेकरी पुष्कळ आणि रोकड कोणापाशीच नाही, अशी स्थिती झाली. २,८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. कापसाचा भाव निम्म्याने उतरला असता तरी एवढा अनर्थ घडता ना. अनर्थ केला तो आधी मोहाने आणि मग भीतीने.

याची झळ शेअरचे नावही न ऐकलेल्या शेतकऱ्यालाही लागली. तेजीत सावकार सढळ हाताने कर्ज देत होता. मंदी येताच त्याने हात आखडला. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्याच्या अनेक कारणांत हेही एक होते.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. तर ९ मार्च २०२० हा दिवस पाहा. त्या दिवशी खनिज तेलाचा भाव सुमारे एकचतुर्थांशाने कोसळला. आपला देश बहुतेक तेल परदेशांतून विकत घेतो. तेल स्वस्त होणे हा आपला लाभच. तरीही त्याच दिवशी मुंबईचा निर्देशांक एकोणीसशेहून अधिक अंशांनी घसरला! साथीच्या भीतीने जग आधीच धास्तावले होते. भ्यालेल्या मनाला स्वस्ताईदेखील अपशकुनासारखी भासली.

म्हणून शेअरबाजार हा निव्वळ जुगार आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. गिरण्या, कारखाने, आगगाड्या यांना भांडवल मिळते ते अनेकांच्या लहान लहान भागांतूनच. दोष बाजाराचा नाही. विचारावाचून गर्दीमागे धावण्याचा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुम्ही मिळवते व्हाल. शेजाऱ्याने घेतला म्हणून शेअर घेऊ नका आणि शेजारी भ्याला म्हणून विकू नका. कंपनी काय करते, तिचा नफा कोठून येतो आणि कच्चा माल महागला तर तिचे काय होईल, हे तीन प्रश्न आधी विचारा. कर्ज काढून तर मुळीच सट्टा करू नका. जगातील कापसाचा वा तेलाचा भाव आपल्या हाती नाही; मनाचा भाव मात्र आपल्या स्वाधीन आहे.