निळ्या फुलाची पारख



लग्नाच्या गुच्छात आणि वेदीवरच्या फुलदाणीत कार्नेशन आता आपल्याला नवे नाही. त्याला निळसर जांभळा रंग मात्र निसर्गाने दिला नव्हता. ऑस्ट्रेलियातील फ्लोरिजीन कंपनीने पेटुनियाच्या फुलातील जनुक, म्हणजे पेशीतले गुण ठरविणारे सूत्र, कार्नेशनमध्ये घातले आणि १९९६ साली ‘मूनडस्ट’ नावाने ते फूल विक्रीस आणले.

अशा फुलांपासून शेताला व रानाला धोका आहे काय? कोणी म्हणतो, “हे सगळेच विष.” कोणी म्हणतो, “फूल कोण खातो? मग काळजी कशाला?” आम्हांला ही दोन्ही उत्तरे आळसाची वाटतात. फूल पोटात गेले नाही तरी त्याचा पराग शेजारच्या बांधावर जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक झाडाविषयी तीन प्रश्न विचारावेत. त्याचा पराग वारा किंवा किडे नेतात काय? त्याचे रानटी भाऊबंद जवळपास आहेत काय? त्याचे बी आपोआप रुजते काय?

कार्नेशनचे पाहा. पाकळ्यांची दाटी फार, पराग थोडा, आणि तोही वाऱ्याने उडत नाही. लागवड छाट कलमांनी होते व बी धरण्याआधीच फूल तोडले जाते. म्हणून युरोपात त्याचे रानटी भाऊबंद असूनही तेथे या फुलांच्या आयातीस परवानगी मिळाली.

आता शेवंती घ्या. जपानी शास्त्रज्ञांनी आपल्या ओळखीच्या गोकर्णाचे एक जनुक व दुसऱ्या एका फुलझाडाचे जनुक घालून निळी शेवंती तयार केली व २०१७ साली ते जाहीर केले. परंतु जपानच्या रानात शेवंतीच्या जंगली जाती आहेत आणि त्यांच्याशी तिचा संकर होऊ शकतो. म्हणून तिला वांझ करण्याच्या वाटा तेथे शोधल्या जात आहेत. रंग तोच, विद्या तीच, पण धोका वेगळा. पारख झाडाची करावी, नुसत्या नावाची नव्हे.

चौथा प्रश्न नोंदीचा. मक्याचे जनुक घातलेली पेटुनिया जर्मनीत १९८० च्या दशकात प्रयोगासाठी तयार झाली होती. २०१७ साली फिनलंडमध्ये उघड झाले की तशीच नारिंगी पेटुनिया परवानगीवाचून बाजारात विकली जात आहे. अनेक देशांत रोपे नष्ट करावी लागली. त्या फुलाने रान बिघडवले नव्हते. नोंद नसल्यामुळे माल वाया गेला.

आपल्या देशात असे वाण लावण्यास १९८९ च्या नियमांप्रमाणे सरकारची आधी परवानगी लागते. तेव्हा हरितगृहासाठी रोपे घेताना वाणाचे नाव लिहिलेली पावती मागा. ‘खास विदेशी रंग’ एवढेच सांगून कोणी कलमे देऊ लागला, तर ती घेऊ नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. परवानगीचा कागद विक्रेत्याने दाखवावयाचा असतो. नुकसान मात्र लावणाऱ्याचे होते.