विषाणूंचा आकडा आणि रुग्णाची प्रकृती

एप्रिल २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट भरात असताना महाराष्ट्र शासनाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे एक विचारणा केली होती. आरटी-पीसीआर चाचणीतील 'सीटी व्हॅल्यू' २४ पर्यंत असेल त्यालाच बाधित मानावे काय, असा तिचा आशय होता. परिषदेने ३५ हीच मर्यादा कायम ठेवली. ती २४ वर आणल्यास संसर्ग पसरवू शकणारे अनेक रुग्ण नजरेतून सुटतील, असे तिचे म्हणणे होते. प्रश्न प्रशासनापुरता मर्यादित नव्हता. त्या उन्हाळ्यात घरोघरी हा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा वाचला जात होता. कमी आला की घाबरगुंडी, जास्त आला की सुटकेचा निःश्वास! ही समजूत कितपत साधार होती, हे आता शांतपणे तपासले पाहिजे; कारण पुढची साथ आली म्हणजे असाच एखादा आकडा पुन्हा हाती पडणार आहे.

मुळात ही विषाणूंची सरळ मोजदाद नव्हेच. नाकाघशातून घेतलेल्या नमुन्यातील विषाणूंचे जनुकीय द्रव्य यंत्रात प्रत्येक आवर्तनाला सुमारे दुप्पट केले जाते. ते किती आवर्तनांनंतर यंत्राला दिसू लागते, एवढेच सीटी व्हॅल्यू सांगते. विषाणू जितके अधिक, तितकी आवर्तने कमी. आकड्यात सुमारे ३.३ चा फरक म्हणजे विषाणूंत दहापटीचा फरक. परंतु नमुना कसा घेतला, चाचणीचा संच कोणता आणि आजाराचा दिवस कितवा, यांवरही हा आकडा बदलतो. त्यात फुप्फुसांच्या सीटी स्कॅनचा २५ पैकी 'स्कोअर'ही त्याच सुमारास लोकांच्या तोंडी आला. एका 'सीटी'त आकडा मोठा असणे वाईट, तर दुसऱ्यात लहान असणे वाईट. गोंधळ न होता तरच नवल.

विषाणूंचा भार आणि आजाराची तीव्रता यांचा काहीच संबंध नाही, असे मात्र नव्हे. न्यूयॉर्कमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या १,१४५ रुग्णांच्या २०२० मधील पाहणीत अधिक भार असलेल्यांना मृत्यूचा धोका अधिक असल्याचे आढळले. तथापि रुग्णालयाबाहेर चित्र पालटते. इटलीतील वो या गावी २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुसंख्य रहिवाशांची तपासणी झाली, तेव्हा बाधितांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना कोणतीही लक्षणे नव्हती. त्यांच्यातील विषाणूभार आणि लक्षणे असलेल्यांतील भार यांत लक्षणीय फरक नव्हता. ब्रिटनमध्ये २०२१ साली निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूंची सारखीच, मोजलेली मात्रा घालण्यात आली. ३४ पैकी १८ जणांनाच बाधा झाली. त्यांच्या नाकाघशात विषाणू विपुल वाढले. पण गंभीर आजार कोणालाही झाला नाही, आणि कोणाचा भार किती व लक्षणे किती यांचा मेळही बसला नाही.

याचे एक महत्त्वाचे कारण कालक्रमात आहे. हाँगकाँगमधील २००३ च्या सार्स साथीत विषाणूभार सुमारे दहाव्या दिवशी कळसाला पोहोचून उतरू लागे. तरीही कित्येक रुग्णांची फुप्फुसे बिघडतच जात. कोविडमध्ये घशातील भार लक्षणे दिसू लागण्याच्या सुमारासच सर्वाधिक असतो, तर श्वसनाचे संकट बहुधा त्यानंतर आठवडाभराने ओढवते. विषाणू ओसरत असतानाच शरीराची बेभान झालेली प्रतिकारयंत्रणा फुप्फुसांवर उलटते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने हेच सूचित केले. या यंत्रणेला आवर घालणाऱ्या डेक्सामेथासोन या स्वस्त औषधामुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने, तर केवळ प्राणवायू दिला जात असलेल्यांचे सुमारे एक-पंचमांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. विषाणू न मारणारे औषध जर प्राण वाचवीत असेल, तर केवळ विषाणू मोजून रुग्णाचे भवितव्य सांगता येणार नाही, हे उघड आहे.

येथेच खरा धोका आहे. आजाराच्या नवव्या दिवशी आकडा ३० आला म्हणून निर्धास्त झालेला गृहस्थ नेमका सर्वांत जोखमीच्या दिवसांत असू शकतो. उलट दुसऱ्या दिवशी १६ आकडा आलेली तरुण विद्यार्थिनी घरीच बरी होऊ शकते. तिच्यापासून इतरांना लागण होण्याचा संभव मात्र मोठा. दरडोई उत्पन्नावरून कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे कळत नाही. तसेच हे आहे.

खाटा थोड्या आणि रुग्ण अमाप असले म्हणजे वाटपासाठी सुटसुटीत आकडा हवासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वय, जुने विकार, लसीकरण, आजाराचा दिवस आणि सहा मिनिटे चालल्यावर प्राणवायूची पातळी घसरते की नाही, ही पाहणी त्या एका आकड्याहून अधिक बोलकी आहे आणि तिला महागडे यंत्रही लागत नाही. चाचणीच्या अहवालावर आकड्याच्या मर्यादा मराठीत छापणे आणि खाटांच्या वाटपाचे निकष साथ नसतानाच ठरवून जाहीर करणे, ही दोन कामे शासनाला आजही करता येतील. टंचाईच्या दिवसांत घाईने निवडलेला निकष चुकला, तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.